मध्यवर्ती ठिकाण

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपले पूर्वज सांगून गेले. लग्नाच्या वेळी विचार करायला मला कोणी वेळच दिला नाही. दोन्हीकडच्या मंडळींनी मुहूर्त काढला आणि मी अंतरपाटासमोर उभा राहिलो. त्याची भरपाई म्हणून की काय, घराच्या बाबतीत मी सव्वा वर्ष विचार केला. हल्ली घर कोणी बांधत नाही, बुक करतात. त्यामुळे घाम गाळण्याचा भाग गेला आहे आणि विचार करण्याचा तेवढा शिल्लक राहिला आहे.

त्याचे असे झाले. सदाशिव पेठेतल्या ज्या वाड्यात आम्ही तीन पिढ्या भाड्याने राहिलो, त्याला दर पावसाळ्यात ‘धोकादायक’ म्हणून नोटीस यायची. आम्ही ती दारामागे खिळ्याला अडकवायचो. शेवटी वाडाच नोटिशीला कंटाळला. मागच्या सोप्याची भिंत एका रात्री खाली बसली आणि मालकांनी आम्हा भाडेकरूंना थोडे पैसे देऊन हात जोडले. आता घर घेणे भाग होते. पैसे (म्हणजे आमचे थोडे आणि बँकेचे पुष्कळ) एकाच घराचे. पर्याय दोन. पलीकडच्या गल्लीत, भरवस्तीत, एक बेडरूमचा चारशे तीस चौरस फुटांचा फ्लॅट. किंवा तेवढ्याच पैशांत नगर रस्त्याला वाघोलीत दोन बेडरूमचा, सातशे वीस फुटांचा.

अशा वेळी शहाणा माणूस काय करतो? दुसऱ्यांना विचारतो. मी विचारले. पेठेत राहणाऱ्यांनी सांगितले, “पेठेत घेऊ नका.” वाघोलीत राहणाऱ्यांनी सांगितले, “वाघोलीत घेऊ नका.” भाड्याने राहणाऱ्यांनी सांगितले, “घेऊच नका.”

तेव्हा मी बेंजामिन फ्रँकलिनला शरण गेलो. १७७२ साली जोसेफ प्रीस्टली (पुढे प्राणवायूच्या शोधामुळे नावाजला तो) नवी नोकरी धरावी की नाही, या पेचात होता. फ्रँकलिनने त्याला पत्रातून एक युक्ती कळवली. कागदावर मधोमध रेघ मारायची. एका बाजूला फायदे, एका बाजूला तोटे. सुचतील तसे तीनचार दिवस लिहीत जायचे. मग सारख्या वजनाच्या दोन ओळी दोन बाजूंना दिसल्या की दोन्ही खोडायच्या. शेवटी जे उरेल तो निर्णय. मी बँकेत कर्जखात्यावर बसतो. दोन रकाने दिसले की मला माहेरी आल्यासारखे वाटते. लगेच एक फुलस्केप कागद घेतला.

पेठेच्या फायद्यांत पहिलीच ओळ झोकात लिहिली : ‘सगळे हाकेच्या अंतरावर.’ मंडई, तुळशीबाग, लक्ष्मी रस्ता, पुस्तकांना अप्पा बळवंत चौक, नाटकाला भरत नाट्य मंदिर. आणि २०२४ पासून मंडईखालून मेट्रोसुद्धा.

आमच्या हिने कागद वाचला.

“भरत नाट्य मंदिरात शेवटचं नाटक कधी पाहिलंत?”

मी आठवू लागलो. पाहिले होते. पास फुकट आला होता.

“आणि तुळशीबागेत?”

“गेलो होतो की. इंदूरचे पाहुणे आले होते तेव्हा.”

“म्हणजे आपण एवढे लाख मोजून जी सोय घेणार, ती इंदूरच्या पाहुण्यांची!”

तिचे म्हणणे मला लागले, कारण ते खरे होते. माणूस सोय विकत घेत नाही, ‘मनात आलं तर’ विकत घेतो. मनात आले तर नाटकाला जाता येईल, मनात आले तर पोहायला जाता येईल. मनात येत नाही ही गोष्ट वेगळी. त्याचा दर चौरस फुटामागे लावलेला नसतो.

पेठेचे तोटे लिहायला मात्र कागद पुरेना. गाडी लावायला जागा नाही; रस्त्यावर लावावी तर सम तारखेला एक बाजू आणि विषम तारखेला दुसरी, म्हणजे पंचांग बघून पार्किंग. गणपतीच्या आधी महिनाभर ढोलताशांचा सराव, आणि विसर्जनाची मिरवणूक सुरू होते एका दिवशी व संपते दुसऱ्या दिवशी. फ्लॅटच्या स्वयंपाकघराची खिडकी शेजारच्यांच्या स्वयंपाकघरावर उघडते. त्यांच्या कुकरच्या शिट्ट्या मोजून आमची डाळ उतरवली जाण्याचा संभव. आणि मुख्य म्हणजे अप्पांची खाट हॉलमध्ये.

अप्पा म्हणजे माझे वडील. वय अठ्ठ्याहत्तर.

वाघोली पाहायला आम्ही त्यांनाही नेले. नमुन्याचा फ्लॅट फारच प्रशस्त होता. परत येताना लक्षात आले की त्याला आतली दारेच लावलेली नव्हती. गेटातून पाण्याचा टँकर आत आला, तेव्हा आम्हाला हिंडवणारा तरुण म्हणाला, “बागेसाठी आहे.” बाग अजून व्हायची होती. टायच्या गाठीशी चाळा करत तो पुढे म्हणाला, “सर, इथून सगळं जवळ आहे. एअरपोर्ट तर अगदीच जवळ.”

“मला जायचंय तिथं विमान लागत नाही,” अप्पा म्हणाले.

पण मागच्या बेडरूमच्या खिडकीशी ते बराच वेळ उभे राहिले. “या खोलीला दार आहे?” त्यांनी विचारले. लागणार होते. अठ्ठ्याहत्तर वर्षांत अप्पांना स्वतःचे दार असलेली खोली कधी मिळालेली नाही.

घरी येताना मी म्हणालो, “फार गावाबाहेर आहे, नाही?” तेव्हा अप्पा हसले. आमच्या आजोबांना एरंडवण्यात प्लॉट मिळत होता. “तिथं कोल्हे ओरडतात,” म्हणून त्यांनी नाकारला. (असा एक नाकारलेला प्लॉट प्रत्येक पुणेरी कुटुंबाच्या मालकीचा असतो.) १२ जुलै १९६१ ला पानशेतचे धरण फुटले तेव्हा अप्पा चौदा वर्षांचे होते. पुढे पूरग्रस्तांना गोखलेनगरसारख्या वसाहतींत घरे मिळाली, तेव्हा पेठेतली मंडळी हळहळली, बिचारे गावाबाहेर गेले म्हणून. आज त्याच गोखलेनगरच्या जाहिरातीत ‘मध्यवर्ती ठिकाण’ असे छापतात. वाघोलीही २०२१ साली तेवीस गावांबरोबर महापालिकेत आलीच.

तेव्हा मध्य म्हणजे काय, हा प्रश्न मला पडला. शाळेत वर्तुळ काढताना कंपासचे टोक जिथे रुतवू तो मध्य. पुण्यात सातही वारांच्या पेठा असल्या तरी त्यांतल्या एकीतही देवाने टोक रुतवून ठेवलेले नाही. ते ज्याचे त्याने रुतवायचे. माझे लक्ष्मी रस्त्यावर, कारण माझी बँक तिथे. घरापासून चालत सात मिनिटे. अप्पांचे नगर वाचन मंदिरात. १८४८ साली निघालेली ही संस्था आपल्यावाचून उघडणार नाही अशा समजुतीने ते रोज जातात, आणि येताना ओळखीच्या ओट्यावर तासभर बसतात. आमच्या हिचे टोक खराडीत. तिथल्या एका कंपनीत ती कामाला आहे. पेठेतून जाऊन-येऊन तीन तास मोडतात. वाघोलीहून पाऊण तासात दोन्ही वेळा होतील.

मग पैशांचा हिशेब मांडला. पन्नास लाखांचे कर्ज, साडेआठ टक्के, वीस वर्षे : महिना सुमारे त्रेचाळीस हजार चारशे, आणि एकूण फेड एक कोटी चार लाखांच्या घरात. हे आकडे मी रोज लोकांना हसतमुखाने सांगतो. स्वतःला सांगताना हसू आले नाही. मुद्रांक शुल्क पुण्यात सात टक्के. एकट्या बाईच्या नावावर घेतले तर २०२१ पासून एक टक्का सवलत. सरकारने बायकोवरच्या विश्वासाची किंमत एक टक्का ठरवली आहे, ती रास्त वाटली. पण दोन्हीकडे आकडे सारखेच. फ्रँकलिनच्या नियमाने खोडले.

उरल्या तीन ओळी. पेठेच्या फायद्यांत ‘अप्पांची सोय’ आणि ‘बँक सात मिनिटे’. तोट्यांत ‘हिची दगदग’.

त्या रात्री, सगळे निजल्यावर, मी आणखी एक हिशेब केला. पेठेतली जागा आमच्या चौघांना लहानच. ती घ्यायची ती अप्पांसाठी. कर्ज वीस वर्षांचे. आणि अप्पा? बँकेतल्या सवयीने मी कागदाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने ‘अप्पा’ लिहिले, पुढे एक आकडा मांडला, आणि तो वीसातून वजा केला.

वजाबाकी बरोबर आली. मग मी ती पाहिली. खोडरबर सापडेना, तेव्हा मुलाच्या कंपासपेटीतला काढला आणि खसाखसा खोडले. पाणी पिऊन झोपलो. झोप आली नाही.

सकाळी कागद टेबलावर होता आणि अप्पा चष्मा लावून त्यावर वाकले होते. हातात पेन.

“तुझ्या त्या अमेरिकन गृहस्थाचा नियम चांगला आहे,” ते म्हणाले. “सारखं सारख्यात गेलं.” त्यांनी ‘अप्पांची सोय’ आणि ‘हिची दगदग’ या दोन्ही ओळी सरळ रेघ मारून खोडल्या होत्या. “जाऊ या वाघोलीला. खोलीला दार आहे.” मग कागद तिरका धरून, उजेडात कोपरा बघत म्हणाले, “का रे, बँकेत मुदत अशी पेन्सिलीनं लिहितात?”

मी खाली पाहिले. आकडा पुसला होता, वळ राहिला होता.

ही स्वयंपाकघरातून हात पुसत आली. तिने कागद वाचला, अप्पांच्या हातातले पेन घेतले आणि ‘अप्पांची सोय’ पुन्हा ठळक लिहिली. स्वतःची ओळ तशीच खोडलेली ठेवली.

“अप्पा, माझी ओळ मी खोडीन. तुमची तुम्ही खोडायची नाही, मी असताना.” मग माझ्याकडे वळून, “आता राहिली ही. बँक सात मिनिटे. ही कुणाची सोय?”

सव्वा वर्ष अप्पांच्या नावाआड मी ती ओळ नीट झाकून ठेवली होती. पेठ सोडायची नव्हती ती मला. फ्रँकलिनच्या युक्तीत हेच सांगायचे राहून गेले आहे. कागदावर रेघ मारणे सोपे. कोणाच्या ओळीवर मारायची, हा खरा प्रश्न. हिशेब करणारा दुसऱ्याच्या त्रासाचे वजन आपल्या तागडीत करतो आणि ते नेहमी थोडे कमीच भरते. स्वतःची ओळ खोडायचा माणसाला हक्क आहे, दुसऱ्याची नाही.

मी पेन घेतले आणि ‘बँक सात मिनिटे’ खोडली. म्हणजे काय केले ते त्या वेळी मला पुरते कळले नव्हते. हिने समजावून सांगितले. माझे जे दोन तास वाचतात, ते तिच्या तीन तासांच्या खात्यावर जमा व्हायचे.

आम्ही पेठेतला फ्लॅट घेतला, तिच्या नावावर. रोज पहाटे साडेपाचला उठून मी पोळ्या लाटतो आणि डबे भरतो. संध्याकाळचा कुकरही माझ्याकडे. शेजारच्या शिट्ट्या मोजायची सवय झाली आहे. ढोल वाजतात, गाडी सम-विषम तारखांना रस्ता ओलांडते, आणि हिला खराडीहून यायला अजूनही दीड तास लागतो. तो तोटा तोटाच राहिला, पोळ्यांनी भरून निघालेला नाही. अप्पांच्या खाटेभोवती आम्ही पडदा लावला आहे. ते त्याला दार म्हणतात आणि आम्ही बाहेरून खाकरून आत जातो.

परवा माझी पोळी उजेडात तिरकी धरून ते म्हणाले, “नकाशा सुधारतोय. कर्ज फिटलेलं बघूनच जाईन म्हणतो.”

बँकेतल्या माणसाला एवढी बेरीज सोपी. पण मी ती केली नाही. दुसरी पोळी वाढली.