परदेशी कोण?



एखाद्या नगरात किती वर्षे राहिल्यावर माणूस त्या नगराचा होतो? हा प्रश्न आपल्यापैकी अनेकांच्या जिव्हाळ्याचा आहे. नोकरीनिमित्त, व्यवसायानिमित्त वा सेवाकार्यानिमित्त मराठी ख्रिस्ती कुटुंबे देशभर पसरली आहेत. घरात मराठी प्रार्थना, रस्त्यावर दुसरी भाषा, असा त्यांचा दिनक्रम असतो. अशा वाचकांनी कोची या प्राचीन बंदराचा इतिहास अवश्य पाहावा.

तेथील मट्टनचेरी भागात राजवाड्याच्या शेजारी १५६८ साली बांधलेले ज्यू लोकांचे सभास्थान आहे. त्याचे नाव 'परदेशी सभास्थान'. साडेचारशे वर्षे लोटली तरी 'परदेशी' हा शब्द पुसला गेलेला नाही. १६६२ साली पोर्तुगीजांनी त्याची नासधूस केली, पुढे डचांच्या अमदानीत ते पुन्हा उभे राहिले. १९४८ नंतर बहुतेक ज्यू कुटुंबे इस्राएलात गेली आणि आता त्या समाजाची माणसे बोटांवर मोजण्याइतकीही राहिलेली नाहीत.

याच परिसरात गोव्याहून आलेल्या कोंकणी हिंदू कुटुंबांची जुनी वस्ती आहे. ही कुटुंबे गोवा सोडून का आली, हे आपण ख्रिस्ती लोकांनी विसरू नये. सोळाव्या शतकात पोर्तुगीज राज्यकर्त्यांनी धर्माच्या नावाने जो जुलूम केला, त्याला कंटाळून ती निघाली. ख्रिस्ताचे नाव सांगणाऱ्यांनी त्यांना उपरे केले, आणि कोचीच्या हिंदू राजाच्या छत्राखाली त्यांना आसरा मिळाला. हे वाचताना आपली मान खाली जावी, हेच योग्य होय.

कोचीचे वर्णन बहुधा सर्वधर्मीयांच्या सहजीवनाचे नगर असे केले जाते. त्यात तथ्य आहे, परंतु ते पूर्ण सत्य नव्हे. त्याच परदेशी सभास्थानात, मुक्त केलेल्या गुलामांच्या वंशजांना इतरांबरोबर बाकांवर बसण्याचा अधिकार नव्हता. त्यांच्यापैकीच एक, वकील ए. बी. सालेम (१८८२–१९६७), यांना स्वबांधवांविरुद्ध सत्याग्रहाचा मार्ग धरावा लागला. जे स्वतः परदेशी म्हणून आश्रयाला आले, त्यांनीच आपल्या घरात आणखी परके निर्माण केले! हा दोष केवळ ज्यू समाजाचा नाही. आपल्या मंडळ्यांत कोणाचे बाक कोठे असत आणि कोणाची कबर कोठे खणली जात असे, हे आठवले तर दुसऱ्याकडे बोट दाखवण्याचे धाडस आपणांस होणार नाही.

तेव्हा जवळ राहणे आणि शेजारी होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पवित्र शास्त्राचे भाषांतर करताना 'शेजारी' हा शब्द मला नेहमीच थांबवतो. मराठीत तो जागेचा शब्द आहे. भिंतीला भिंत लागली की शेजार झाला. मूळ इब्री शब्दात मात्र सोबत्याचा, मित्राचा अर्थ आहे. लूकच्या दहाव्या अध्यायातील शोमरोनी मनुष्य तर त्या जखमी माणसाच्या गल्लीत राहतही नव्हता. ज्याने दया केली तो शेजारी ठरला.

मग जबाबदारी कोणाची, आलेल्याची की मूळच्या रहिवाशाची? शास्त्र दोघांनाही मोकळे सोडत नाही. लेवीय १९:३४ मध्ये आज्ञा आहे ती यजमानाला. उपऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करावी, कारण तूही मिसरात उपरा होतास. यिर्मया २९:७ मध्ये आज्ञा आहे ती पाहुण्याला. बाबेलात बंदिवान होऊन गेलेल्यांनी त्या नगराचे हित पाहावे व त्यासाठी प्रार्थना करावी. त्या एका वचनात 'शालोम' हा शब्द तीनदा येतो. त्यात शांती, आरोग्य, समृद्धी आणि सलोखा असे सारे सामावले आहे, म्हणूनच एका मराठी शब्दात तो मावत नाही. नगराला शालोम लाभला तरच तुम्हांला लाभेल, हा त्या वचनाचा आशय.

कोचीत या दुसऱ्या आज्ञेचा एक सुंदर दाखला घडला. डच अधिकारी व्हॅन ऱ्हीड यांनी मलबारच्या वनस्पतींवर 'हॉर्टस मलबारिकस' हा ग्रंथ सिद्ध करविला. १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅम येथे त्याचे १२ खंड निघाले. त्यासाठी इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्यांनी आपले ज्ञान दिले, तसेच रंगभट, विनायक पंडित व आपू भट या कोंकणी वैद्यांनीही. कोंकणी वैद्यांचे नागरी लिपीतील निवेदन त्या ग्रंथात छापलेले आहे. आश्रयाला आलेल्यांनी आश्रयभूमीच्या झाडपाल्याची विद्या आत्मसात केली आणि ती सर्वांच्या उपयोगी आणली. याला म्हणतात नगराचे हित पाहणे.

वाचकहो, आपल्यापैकी जे परमुलखात आहेत त्यांनी स्वतःस विचारावे, 'मी येथील भाषा शिकलो काय? येथील दुःख माझ्या प्रार्थनेत येते काय?' आणि जे मुंबई-पुण्यात यजमान म्हणून राहतात त्यांनी विचारावे, 'परप्रांतातून आलेला मजूर बंधू माझ्या मंडळीत रविवारी आला, तर तो कोणत्या बाकावर बसतो? उपासनेनंतर त्याच्याशी कोण बोलते?'

पेत्र आपल्या पत्रात विश्वासणाऱ्यांना प्रवासी व परदेशवासी असेच संबोधतो. येथे कायमचे नगर कोणालाच नाही. म्हणून 'परदेशी' हे नाव कोणी आपणांस ठेवले तर खेद मानू नये, पण ते दुसऱ्याला चिकटवताना मात्र आपला हात कापावा.