यजमान कोण?

२०१७ च्या डिसेंबरात अमेरिकेतील साउथ कॅरोलिना राज्यात, ग्रीअर येथील बीएमडब्ल्यू कंपनीच्या प्रशिक्षण-मैदानावर, योहान श्वार्ट्झ नावाच्या निष्णात सारथ्याने एम-फाइव्ह जातीची मोटार आठ तास वर्तुळात घसरत ठेवली आणि ३७४ किलोमीटरांचा विक्रम गिनेसच्या दप्तरी रुजू झाला. मुंबईहून निघून कोल्हापूर गाठावे एवढा हा पल्ला. परंतु आठ तासांनंतर मोटार होती तेथेच होती. या क्रीडेला ड्रिफ्टिंग म्हणतात, आणि जपानातील घाटरस्त्यांवर रात्रीच्या वेळी मोटारी पिटाळणाऱ्या तरुणांनी तिला रूप दिले. मागच्या चाकांची जमिनीवरील पकड बुद्ध्याच सोडवावयाची, गाडीचे शेपूट बाहेर फेकले गेले की पुढची चाके वळणाच्या उलट दिशेस फिरवून तोल सावरावयाचा, आणि तोंड एकीकडे व गती दुसरीकडे अशा विलक्षण अवस्थेत ती चालती ठेवावयाची, असा हा प्रकार. कोरड्या डांबरावर टायर पाहता पाहता झिजतील, म्हणून मैदान पाण्याने भिजवलेले होते. इंधनाची टाकी मात्र आठ तास पुरणारी नव्हती, आणि थांबावे तर विक्रम मोडतो. तेव्हा दुसरी एम-फाइव्ह तशीच घसरत शेजारी आणण्यात आली, आणि तिच्या खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर झुकलेल्या एका गृहस्थाने चालत्या गाडीत नळीने पेट्रोल भरले. असे पाच वेळा घडले.

याचे सार्थक काय, असा प्रश्न उठणारच. तेलाची नासाडी म्हणून निकाल देणे सोपे आहे. पण तेवढ्यावर मी फैसला करू इच्छीत नाही, कारण हा प्रश्न मोटारीहून फार जुना आहे. पतंजलीने सिद्धींना समाधीतील उपसर्ग ठरविले. आणि वाघावर बसून, हाती सर्पाचा चाबूक घेऊन आलेल्या चांगदेवांची कथा आपण त्यांच्या गर्वहरणासाठीच सांगतो. (त्या प्रसंगी ज्ञानदेवांनी चमत्काराला भिंत चालवून, म्हणजे चमत्कारानेच, उत्तर दिले, हे सांगताना आपण सहसा त्यावर थांबत नाही.) गीतेच्या सतराव्या अध्यायात सत्कार, मान आणि पूजा यांसाठी दंभाने आचरलेले तप राजस व अस्थिर म्हटले आहे, आणि या अस्थिरतेचा दाखला विक्रमांच्या नोंदींत आयताच सापडतो: २०१३ साली याच श्वार्ट्झने ८२ किलोमीटर गाठले, पुढच्या वर्षी हाराल्ड म्युलरने तुर्कस्तानात १४४ केले, २०१७ मध्ये दक्षिण आफ्रिकेत जेसी अ‍ॅडम्सने १६५, आणि ते वर्ष सरण्यापूर्वीच ३७४.

तथापि येथे मला एक अडचण दिसते. आठ तास क्षणाक्षणाला निसटणारा तोल ज्याने सावरला, ज्याच्या हातापायांना आणि दृष्टीला निमिषभराची गैरहजेरी परवडणारी नव्हती, त्याच्या एकाग्रतेला दंभ म्हणणे अन्यायाचे होईल. घसरत्या गाडीत मिरवण्यापुरतीही फुरसत नसते. मग राजस ते काय? मीमांसकांनी यज्ञकर्मात एक भेद मानला आहे, तो मला येथे उपयोगी वाटतो: संकल्प यजमानाचा, फल यजमानाचे, आहुती देणारा ऋत्विज दक्षिणेचा धनी. नव्या मोटारीचा बोलबाला व्हावा हा संकल्प कंपनीचा, आणि त्याचे फलही तिच्याच खाती जमा. श्वार्ट्झ हा वरण केलेला ऋत्विज. म्हणून सार्थकतेचा प्रश्न एकदाच विचारून भागत नाही. यजमानाला विचारला तर उत्तर विक्रीच्या हिशेबात मिळेल, आणि ऋत्विजाला विचारला तर कदाचित एवढेच, की त्या आठ तासांत मन दुसरीकडे गेले नाही. पहिले उत्तर मला क्षुद्र वाटते. दुसऱ्याचा मला किंचित हेवा वाटतो.

राहता राहिला तो खिडकीबाहेर झुकलेला गृहस्थ. किलोमीटर मोजले गेले ते गाडीचे, आणि चक्र होते ते दुसऱ्यांच्या हाती. याच्या वाट्याला फक्त नळी, ओला वारा आणि हातभर अंतरावर घसरणारी दुसरी गाडी. अग्नीत हवी घालणाऱ्या अध्वर्यूचे काम वस्तुतः त्याचेच होते, आणि त्याच्यासाठी सतराव्या अध्यायातील कोणती कोटी योग्य, हे मला अद्याप ठरविता आलेले नाही.