जीर्णोद्धार आणि नेमणूक

जीर्णोद्धार हा शब्द आज मराठीत दोन टोकांच्या कामांसाठी वापरला जातो. शिखराच्या सांध्यात रुजलेला पिंपळ मुळासकट काढून फट चुन्याने बुजवणे हा जीर्णोद्धार. आणि काळ्या दगडाचा जुना सभामंडप उतरवून तिथे काँक्रीटचा, ग्रॅनाइटच्या फरशीचा मंडप उभारणे हाही जीर्णोद्धारच. गावोगावच्या फलकांवर दुसरा अर्थ प्रबळ आहे. राज्याच्या २०२१-२२ च्या अर्थसंकल्पात प्राचीन मंदिरांच्या जतन-संवर्धनाचा कार्यक्रम जाहीर झाला. खिद्रापूरचा कोपेश्वर, सिन्नरचा गोंदेश्वर आणि गडचिरोलीतील मार्कंडा ही त्यातल्या पहिल्या आठ मंदिरांपैकी तीन. हेतू चांगला होता. पण अशा घोषणेनंतर चर्चा होते ती निधी किती मिळाला याची. काम संपल्यावर वास्तूची देखभाल दरसाल कोण आणि कशातून करणार, हे कोणी विचारत नाही. जीर्णोद्धार म्हणजे एकदाच करायचा मोठा खर्च, ही समजूत इतकी रुळली आहे की तीच परंपरा वाटू लागली आहे. शिलालेखांत मात्र वेगळी परंपरा दिसते.

नाशिकच्या पांडवलेण्यांत, दहाव्या लेण्यात, क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा लेख आहे. लेणे भिक्षुसंघाला दिल्याची नोंद करून तो थांबत नाही. उषवदाताने ३००० कार्षापण नाण्यांची अक्षयनीवी, म्हणजे कधीही कमी न होणारे मूळ भांडवल, गोवर्धन नगरातील कोष्ट्यांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे, ठेवली. २००० वर दरमहा शेकडा एक आणि १००० वर दरमहा शेकडा पाऊण असे व्याज ठरले. मुद्दल परत घ्यायचे नाही, फक्त व्याज वापरायचे, हेही लेखात स्पष्ट आहे. हा व्यवहार निगमसभेत जाहीर करून नोंदवला गेला. व्याज लेण्यात वर्षावासाला राहणाऱ्या भिक्षूंच्या गरजांसाठी होते, दगडासाठी नव्हे. पण वस्ती असलेले लेणे राखले जाते, एवढे त्या काळी गृहीत होते.

दुरुस्तीसाठी स्वतंत्र रक्कम पुढच्या काळात दिसते. कान्हेरीच्या नवव्या शतकातील एका लेखात बुद्धपूजा, विहाराची दुरुस्ती, वस्त्रे आणि पुस्तके यांसाठी वेगवेगळ्या रकमा नेमून दिल्या आहेत. ताम्रपटांमध्ये खंडस्फुटित हा शब्द ठरीव होऊन जातो. खंड म्हणजे तुटलेले, स्फुटित म्हणजे तडकलेले. गाव किंवा शेत दान देताना त्याच्या उत्पन्नातून देवपूजा, अन्नदान आणि खंडस्फुटिताची दुरुस्ती करावी असे लिहिले जाते.

याच शब्दाच्या शेजारी जीर्णोद्धार येतो, आणि तिथेच त्याचा खरा अर्थ सापडतो. शिलाहार विजयादित्याचे कोल्हापूरचा शके १०६५ (इ.स. ११४३) आणि बामणीचा इ.स. ११५० मधला असे दोन लेख आहेत. जैन मंदिरांना जमीन देताना त्यांत अष्टविध पूजा, मुनींना आहारदान आणि खंडस्फुटित-जीर्णोद्धार ही प्रयोजने एकत्र सांगितली आहेत. पूजा रोजची आणि आहारदान नेहमीचे. त्यांच्या पंक्तीत बसलेला जीर्णोद्धार पन्नास वर्षांतून एकदा करायचा सोहळा असू शकत नाही. शेत दरसाल पिकते, म्हणून दुरुस्तीही दरसाल होते. जे तडकले ते तुटण्याआधी सांधायचे आणि जे तुटले ते कोसळण्याआधी सावरायचे, असा या शब्दाचा व्यवहारातला अर्थ होता.

पुनर्बांधणी परंपरेत नव्हतीच असे मात्र म्हणता येत नाही. शिल्पशास्त्रात फार जीर्ण झालेला भाग बदलण्याचे विधी आहेत. अहिल्याबाई होळकरांनी १८ व्या शतकात वेरूळचे घृष्णेश्वर मंदिर पुन्हा उभे केले. आजच्या प्रत्येक नव्या मंडपाला त्यांचाच दाखला दिला जातो. पण भारतभरच्या त्यांच्या कामात बांधकामाइतकाच भार पूजा, नंदादीप आणि अन्नछत्र यांसाठी खासगी उत्पन्नातून लावून दिलेल्या वार्षिक नेमणुकीवर, म्हणजे दरसालच्या ठरीव रकमेवर, होता. नेमणूक विसरून केवळ बांधकाम आठवणे म्हणजे त्यांचे निम्मे काम विसरणे. किल्ल्यांबाबतही विचार असाच होता. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात तटावर वाढणारी झाडे वरचेवर कापावीत आणि गवत जाळून गड साफ ठेवावा अशी ताकीद आहे. त्यातला वरचेवर हा शब्द महत्त्वाचा आहे.

यानंतरच्या वळणाचा अर्थ बहुतेक जण चुकीचा लावतात. १९०४ मध्ये कर्झनच्या काळात प्राचीन स्मारकांच्या जतनाचा कायदा झाला आणि १९२३ मध्ये जॉन मार्शल यांची संवर्धन-पुस्तिका प्रसिद्ध झाली. प्रचलित मांडणी अशी, की या दोहोंनी परकी कल्पना लादली: आपल्याकडे वास्तू नव्याने उभी करण्याची जिवंत परंपरा होती, इंग्रजांनी ती थांबवून अवशेषांची पूजा शिकवली. म्हणून आज जुना दगड हलवू नका असे सांगणाऱ्याला परक्या विचाराचा ठरवले जाते, आणि दगड उतरवून काँक्रीट ओतणारा परंपरेचा पाईक ठरतो.

ही मांडणी पुराव्यावर टिकत नाही. मार्शल यांचा आग्रह मूळ काम शक्यतो तसेच ठेवण्याचा होता, पण पूजा चालू असलेल्या वास्तूंचा वेगळा विचार करण्याची मुभा त्यांनी दिली होती. त्यांच्या विचाराचे मूळ ज्या इंग्लिश चळवळीत होते, त्या विल्यम मॉरिस यांच्या १८७७ च्या संस्थेची मागणीही रोजच्या काळजीने झीज थोपवावी हीच होती. मॉरिस आणि कोल्हापूरचा शिलालेख या मुद्द्यावर एकमेकांच्या विरोधात नाहीत. जीर्ण होऊ द्यायचे नाही, यावर दोघांचे एकमत आहे.

बदल झाला तो पैशाच्या स्वरूपात. पूर्वी वास्तूचे स्वतःचे उत्पन्न असे: शेत, गाव, बाग, व्याज. खिद्रापूरच्या कोपेश्वराला यादव राजा सिंघण याने १३ व्या शतकात गाव दिल्याचा शिलालेख मंदिरातच आहे. १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले आणि इनामांची छाननी सुरू झाली. देवस्थानांची अनेक इनामे चालू राहिली, पण काहींच्या जागी ठराविक रोख रक्कम आली. भाव वाढत गेले तशी ती नाममात्र उरली. १९०४ नंतर संरक्षित वास्तूंची दुरुस्ती सरकारी अनुदानावर आली, आणि १९५८ चा केंद्राचा व १९६० चा राज्याचा कायदा यांनी तीच घडी कायम ठेवली. वास्तू उत्पन्नाची धनी होती, ती अनुदानाची याचक झाली. अनुदान वर्षाचे असते. ३१ मार्चपर्यंत खर्च झाले नाही तर परत जाते. त्यामुळे पावसाळ्याआधी पन्हळी मोकळ्या करण्यासारख्या किरकोळ कामापेक्षा मार्चमध्ये संपवता येईल असे ठोक काम सोयीचे ठरते. १९०४ च्या कायद्यावर आक्षेप घ्यायचाच, तर त्याने दगड राखला हा नव्हे. दगड राखण्याचे स्वतंत्र उत्पन्न पुन्हा उभे केले नाही, हा घ्यायला हवा.

दगडी वास्तूचे शरीरशास्त्र या वार्षिक हिशेबाला अनुकूल नाही. आपली यादवकालीन मंदिरे बहुतेक ठिकाणी चुन्याशिवाय, दगडांचे वजन आणि खाचा यांवर तोललेली आहेत. एक पन्हळ तुंबली की पाणी सांध्यात शिरते, सांध्यात माती साचते, मातीत वड-पिंपळ रुजतो आणि मूळ दगड सरकवते. पहिल्या पावसाळ्यात हे रोप हाताने उपटता येते. वीस वर्षांनी शिखर उतरवावे लागते. तेव्हा सिमेंट येते. चुना मऊ असतो आणि ओल बाहेर सोडतो. सिमेंट ओल आत कोंडते, क्षार दगडाच्या अंगावर आणते, आणि कोरीव पृष्ठभाग पापुद्र्यांनी सुटू लागतो. देखभाल चुकल्याने लागलेला मोठा खर्चच पुढच्या हानीचे कारण होतो.

स्वातंत्र्यानंतर विकास आणि पर्यटन हे शब्द या हिशेबात आले. ते शत्रू नाहीत. जपानच्या कर्जातून राबवलेल्या अजिंठा-वेरूळ प्रकल्पात अजिंठ्याच्या पायथ्याची दुकाने आणि वाहने सुमारे चार किलोमीटरवर फर्दापूरच्या बाजूला नेली गेली, आणि तिथून लेण्यांपर्यंत बस सुरू झाली. धूर आणि गर्दी चित्रांपासून दूर गेली, हा खरा विकास. पण त्याच प्रकल्पात उभी राहिलेली भव्य अभ्यागत केंद्रे पाणी-विजेची बिले थकल्याने बंद ठेवावी लागली. बांधायला कर्ज मिळाले. चालवायला नेमणूक नव्हती. वेरूळच्या तिकिटाचे पैसेही सरकारच्या तिजोरीत जातात, वेरूळच्या खात्यात नव्हे.

खासगी सहभागाचीही तीच कथा. २०१७ मध्ये वारसास्थळे दत्तक देण्याची योजना आली. पुढच्या वर्षी लाल किल्ल्यासाठी पाच वर्षांत २५ कोटींचा करार झाला आणि खासगी कंपनीला स्मारक द्यावे का यावर वाद पेटला. वाद योग्य होता, पण सहाव्या वर्षी काय, हा प्रश्न मागे पडला. उषवदाताने कोष्ट्यांच्या श्रेणींकडे पैसा ठेवला तेव्हा तोही खासगी हातांतच होता. अटी मात्र कायमच्या होत्या, मुद्दल अभंग होते आणि नोंद सार्वजनिक होती.

अक्षयनीवीची कल्पना आजही पूर्णपणे लुप्त झालेली नाही. १९९६ मध्ये स्थापन झालेला राष्ट्रीय संस्कृती निधी १९.५ कोटींच्या सरकारी मूळ भांडवलावर उभा आहे. तीच पद्धत एकेका वास्तूपर्यंत नेता येते. मंजूर रकमेचा ठराविक हिस्सा बांधकामाला न लावता त्या वास्तूच्या नावे मुद्दल म्हणून ठेवावा. तिकिटाचा वाटा त्याच खात्यात जमा व्हावा. व्याजातून पावसाळ्याआधीची साफसफाई, सांध्यांची चुन्याने डागडुजी, एक प्रशिक्षित पाथरवट आणि एक राखणदार यांचा खर्च भागावा, आणि वर्षाचा हिशेब ग्रामसभेत वाचला जावा. अशी नेमणूक आधी झाली, तरच रस्ता, वाहनतळ आणि दिवे वास्तूच्या सेवेत राहतील. खिद्रापूरला दरसाल किती रक्कम लागेल आणि ती कुठून येईल, हे निधीच्या घोषणेतच लिहिलेले असेल, त्या दिवशी जीर्णोद्धार हा शब्द पुन्हा कोल्हापूरच्या शिलालेखातल्या अर्थाने वापरता येईल.