बंद पुस्तक आणि खरी साक्ष

शास्त्रपाठ : दानीएल १:१-२०, निर्गम १६:१३-३०

फेब्रुवारी महिना लागला की आपल्या मराठी मंडळ्यांतून, मग ती बेळगावची असो, बडोद्याची असो, इंदूरची असो वा हैदराबादची, दोन गोष्टी हमखास घडतात. रविवारच्या उपासनेत प्रार्थनेच्या विनंत्या वाढतात आणि संडेस्कूलचा वरचा वर्ग ओस पडतो. "आमच्या मुलाचं दहावीचं वर्ष आहे, प्रार्थनेत आठवण ठेवा," असे पाळकसाहेबांना सांगणारे आईबाप त्याच मुलाला दोन महिने उपासनेला आणीत नाहीत. बहुतेक वर्षी हाच लेंटचा, म्हणजे आत्मपरीक्षणाचा काळ असतो. परीक्षा हा शब्द शाळेत आणि चर्चमध्ये एकाच वेळी कानी पडतो, पण या दोन परीक्षांचा एकमेकींशी काही संबंध आहे असे मात्र कोणाच्या मनात येत नाही.

तो संबंध आहे, आणि फार जवळचा आहे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. तो ध्यानात येण्यासाठी आधी एका प्रश्नाचा विचार करू. मुलाने अभ्यास केलेला असो वा नसो, त्याला चांगले गुण मिळावेत अशी प्रार्थना करणे ख्रिस्ती मनुष्याला योग्य आहे काय?

गुणपत्रिका ही साक्ष आहे

गुणपत्रिका म्हणजे काय? ती बक्षीस नव्हे, शिक्षाही नव्हे. या मुलाला अमुक विषय इतका येतो, अशी ती एक साक्ष आहे. पुढच्या वर्गाचा शिक्षक, उद्या नोकरी देणारा, त्याच्या हातून इंजेक्शन घेणारा रोगी, त्याने बांधलेल्या पुलावरून जाणारा वाटसरू, हे सारे त्या साक्षीवर विसंबून असतात. मग जे मुलाला येत नाही त्याचे गुण मिळोत अशी विनवणी करणे म्हणजे काय? ज्याने सीनाय पर्वतावर खोट्या साक्षीची मनाई केली, त्यालाच आपण म्हणतो की, आमच्या लेकरापुरती थोडी खोटी साक्ष दे! कॉपी करणारा मुलगा जे चोरून करतो, तेच आपण हात जोडून मागतो.

याचा अर्थ परीक्षेसाठी प्रार्थना करू नये असा नाही. दानीएल आणि त्याचे तीन सोबती बाबेलच्या राजवाड्यात परक्या लोकांची भाषा आणि विद्या शिकत होते. तो अभ्यासक्रम तीन वर्षांचा होता. शेवटी राजाने स्वतः त्यांची परीक्षा घेतली, तेव्हा राज्यातल्या सर्व पंडितांपेक्षा ते दहापट सरस ठरले. त्याच अध्यायात असेही स्पष्ट सांगितले आहे की, ज्ञान व बुद्धी त्यांना देवाने दिली होती. पण देवाने दिली म्हणून त्यांची तीन वर्षे वाचली नाहीत. त्या तीन वर्षांच्या अभ्यासातूनच ती देणगी त्यांच्या पदरी पडली. पहाटे उठण्याची इच्छा, न समजलेले गुरुजींना विचारण्याचे धैर्य, एका जागी बसणारे मन, ही देवाची मदतच आहे. मात्र ती शाळेच्या पहिल्या दिवसापासून मागावी लागते. परीक्षेच्या आदल्या रात्री मागून ती वेळेवर पोहोचत नाही.

उघडे पुस्तक फसवते

आता अभ्यासाच्या पद्धतीकडे येऊ. आळशी मुलाची गोष्ट सोडा. पुष्कळ कष्टाळू मुले तासन् तास पुस्तक उघडे ठेवून बसतात आणि तरीही पेपर हाती पडताच गोंधळतात. असे का व्हावे? धडा तिसऱ्यांदा वाचताना ओळी ओळखीच्या वाटू लागतात आणि मन म्हणते, "हे मला येतं." पण ओळखणे वेगळे आणि येणे वेगळे. रोज बाजारात दिसणाऱ्या माणसाचा चेहरा आपण ओळखतो. त्याचे नाव कोणी विचारले तर मात्र गप्प बसतो.

अमेरिकेतील रोएडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग या बाबतीत मोठा बोलका आहे. कॉलेजच्या विद्यार्थ्यांच्या एका गटाने एक उतारा चार सत्रे पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्या गटाने तो एकाच सत्रात वाचला आणि उरलेली तीन सत्रे उतारा न पाहता, आठवेल तेवढे कागदावर लिहून काढले. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा त्यांना ४० टक्के आठवत होते आणि न पाहता लिहिणाऱ्यांना ६१ टक्के. त्याहून विचार करण्याजोगी गोष्ट ही की, आपल्या लक्षात अधिक राहील असा भरवसा वाचणाऱ्यांनाच जास्त होता.

सोप्या शब्दांत सांगायचे तर उघडे पुस्तक मुलाला खोटा धीर देते आणि बंद पुस्तक खरे बोलते. धडा वाचून झाला की पुस्तक मिटावे, कच्च्या वहीत आठवेल ते लिहावे, मग पुस्तक उघडून जे सुटले ते लाल पेन्सिलीने भरावे. गणित असेल तर सोडवलेले उदाहरण नुसते वाचू नये. उत्तर झाकून स्वतः सोडवावे. जुनी प्रश्नपत्रिका घड्याळ लावून पूर्ण वेळ लिहावी. हे जिवावर येते, कारण प्रत्येक लाल खूण सांगते की, हे तुला येत नाही. पण आत्मपरीक्षण म्हणतात ते यालाच. प्रभुभोजनापूर्वी प्रत्येकाने स्वतःला पारखावे असे पौल करिंथच्या मंडळीला सांगतो. स्वतःविषयी सत्य पाहण्याची ही सवय मुलाला कच्च्या वहीपुढे लागली, तर ती पुढे भोजनाच्या मेजापुढेही टिकेल.

संडेस्कूलच्या शिक्षकांना ही पद्धत नवी नाही. पाठांतराचे वचन मुले पुस्तक मिटूनच म्हणतात आणि अडले की शिक्षक पहिला शब्द सांगतो. मात्र त्यापुढे एक पाऊल टाकले पाहिजे. वचन म्हणून झाले की "आता तुझ्या शब्दांत सांग बरं," असे विचारावे. नाहीतर घोकंपट्टी पक्की होते आणि अर्थ दाराबाहेर उभा राहतो.

याबाबत आपल्या मंडळ्यांजवळ एक साधन आहे, त्याचे मोल आपण ओळखलेले नाही. आपली मुले घरी मराठी बोलतात आणि शाळेत पुष्कळदा कन्नड, हिंदी, गुजराती, तेलुगू किंवा इंग्रजीतून शिकतात. आपण हे ओझे समजतो. पण इंग्रजीत वाचलेला रक्ताभिसरणाचा धडा मुलीने पुस्तक मिटून आजीला मराठीत समजावून सांगितला, तर पाठ केलेली वाक्ये तिथे कामाला येत नाहीत. समजले असेल तेवढेच सांगता येते. आजीने मधेच "मग ते रक्त परत कसं गं येतं?" असे विचारले आणि मुलगी अडली, तर कच्चे कुठे आहे ते तिला कळले. आजी शाळेत गेलेली नसली तरी चालेल. अट एवढीच की, तिने मनापासून ऐकावे आणि टीव्ही बंद असावा.

रोजचा मान्ना आणि रविवार

अरण्यात इस्राएल लोकांना मान्ना मिळाला तो रोजच्यापुरता. ज्यांनी तो सकाळपर्यंत साठवला त्यांच्या मान्न्यात किडे पडले. विद्येचेही थोडेफार असेच आहे. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन विद्वानाने स्वतःच्याच स्मरणावर प्रयोग करून १८८५ साली दाखवून दिले की, पाठ केलेल्याचा पुष्कळसा भाग पहिल्याच दिवसात गळून जातो. पुढची गळती सावकाश होते. म्हणून शिकलेले त्याच संध्याकाळी एकदा, दुसऱ्या दिवशी एकदा, मग आठवड्याने आणि महिन्याने एकदा न पाहता आठवावे. दर खेपेला वेळ कमी लागतो. एका रात्रीत पोते भरू पाहणाऱ्याच्या हाती फारसे राहत नाही, शिवाय झोप जाते; आणि दिवसभर शिकलेले मनात मुरते ते झोपेतच. उशिरापर्यंत जागून केलेले कष्ट व्यर्थ आहेत आणि झोप ही देवाची देणगी आहे, असे स्तोत्र १२७ मध्ये आहे. परीक्षेच्या आठवड्यात घरी वाचण्यासारखे ते स्तोत्र आहे.

त्याच मान्न्याच्या वृत्तांतात रविवारच्या प्रश्नाचेही उत्तर आहे. सहाव्या दिवशी दुप्पट गोळा करायचे आणि सातव्या दिवशी विसावा घ्यायचा, ही देवाची योजना होती. ज्याचे वेळापत्रक सहा दिवसांचे आहे, त्याला रविवारची सकाळ मोकळी ठेवणे जड जात नाही. आणि ज्याचे वेळापत्रकच नाही, त्याचे संडेस्कूलच्या एका तासाने काय बिघडणार? मोबाईल फोन त्याचे याहून कितीतरी अधिक तास खातो, त्याची विनंती मात्र कोणी प्रार्थनेत देत नाही. दोन महिने मुलाला उपासनेपासून दूर ठेवून आपण त्याला नकळत एक धडा शिकवतो : काम महत्त्वाचे असले की देवाला थांबवता येते. हा धडा तो उजळणी न करताही जन्मभर विसरत नाही.

मुले बंद पुस्तकाला का भितात?

आता या विषयाच्या गाभ्याकडे येऊ. बंद पुस्तकाची पद्धत इतकी उपयोगाची असता मुले ती टाळतात का? कारण त्यांना सत्याची भीती वाटते. वहीवर लाल खुणा दिसल्या की ज्या घरात, "शेजारच्या मुलाला बघ," असे ऐकावे लागते, तिथे मूल उघड्या पुस्तकाच्या आडोशाला बसते. चाचणीचा पेपर दप्तराच्या तळाशी जातो. पुढे तेच भय त्याला कॉपीकडे नेते.

येथे कोणी विचारील, "आपण तर कृपेने तारण पावतो असे मानणारे. मग गुण मात्र कष्टानेच मिळावेत, असे का?" प्रश्न रास्त आहे. कृपा आपला स्वीकार करते, पण आपल्याविषयी खोटा अहवाल देत नाही. उधळ्या पुत्राला बापाने मिठी मारली, ती "तू काही उधळले नाहीस" असे म्हणून नव्हे. किंबहुना त्या घरी आपल्याला जागा आहे अशी आशा होती म्हणूनच तो पुत्र आपले खरे बोलायला परत आला. ज्या मुलाला ठाऊक असते की गुण कितीही पडोत, आपले ताट मांडलेलेच असणार, तेच मूल निर्भयपणे पुस्तक मिटू शकते. सत्याकडे पाहण्याचे बळ कृपेतून येते. म्हणून चांगल्या अभ्यासाची सुरुवात वेळापत्रकाच्याही आधी, आईबापांच्या बोलण्यातून होते.

आणि ही केवळ अभ्यासाची गोष्ट नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकडेवारीप्रमाणे २०२२ या एका वर्षात आपल्या देशात १३,००० हून अधिक विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. सर्वांचे कारण परीक्षा हेच नव्हते; पण दोन हजारांहून अधिक नोंदी परीक्षेतील अपयशाच्या नावे आहेत. कर्नाटक सरकारने २०२४ साली दहावीच्या विद्यार्थ्यांना एकाच वर्षी तीन वेळा परीक्षा देण्याची सोय केली. सरकारी मंडळाने दिलेली दुसरी संधी ख्रिस्ती घराने नाकारावी काय? एखादे मूल जेवेनासे झाले, झोपेनासे झाले, "माझा काही उपयोग नाही" असे बोलू लागले, तर उपदेश बाजूला ठेवून त्याच्याजवळ बसा आणि त्याला डॉक्टरांकडे नेण्यास लाजू नका.

मंडळीचे कर्तव्य

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. सर्वच मुलांना अभ्यासाला जागा नसते. एका खोलीत सहा माणसे, त्यात संध्याकाळच्या भाकरी मुलीनेच भाजायच्या; अशा मुलीला "तू नेमाने अभ्यास करीत नाहीस," असे म्हणणे अन्यायाचे आहे. तिथे आळस तिचा नसून आपला आहे. आपल्या बहुतेक चर्चचे हॉल सोमवारपासून शनिवारपर्यंत कुलूपबंद असतात. बाके आहेत, दिवे आहेत, पंखे आहेत. संध्याकाळी सहा ते नऊ हॉल उघडावा, दारात एका टोपलीत सर्वांचे मोबाईल ठेवावेत, मंडळीतील एखाद्या निवृत्त शिक्षकाने वा शिक्षिकेने केवळ हजर राहावे. शेवटची वीस मिनिटे मुलांनी जोडीजोडीने पुस्तके मिटून एकमेकांना प्रश्न विचारावेत. याला ना मोठा खर्च लागतो, ना वरिष्ठ मंडळाचा ठराव. मुली घरी सुखरूप पोहोचतील एवढी सोय मात्र तरुण संघाने करावी.

आणि मग प्रार्थनेत आठवण जरूर ठेवावी. काय मागावे? जे शिकले ते योग्य वेळी आठवो. जे येत नाही ते कबूल करण्याचे धैर्य मिळो. शेजारच्याच्या पेपरावर डोळा न जावो. रात्री शांत झोप लागो. निकाल काहीही लागला तरी आमच्या तोंडून लेकराला तोडणारा शब्द न निघो, हे आईबापांनी स्वतःसाठी मागावे. अशा प्रार्थनेत देवाजवळ खोटी साक्ष मागितलेली नसते, आणि मुलालाही ती ऐकायला हरकत नाही. ती त्याच्यासमोर, त्याचे नाव घेऊन, आज रात्रीच्या कौटुंबिक उपासनेत करावी.