देणगी की देणे?

‘देणगी’ आणि ‘देणे’ हे दोन शब्द एकाच घरात जन्मले, पण त्यांचे स्वभाव अगदी वेगळे. देणगी देणाऱ्याचा हात वर असतो, घेणाऱ्याचा खाली. देणे फेडणारा मात्र आपल्याकडे राहिलेले दुसऱ्याचे परत करीत असतो, एवढेच. गणपतीच्या मंडळात ज्याची रक्कम मोठी त्याच्या हाती आरतीचे तबक जाते, हे आपण सिल्वासात काय आणि वापीत काय, दरवर्षी पाहतो. पण वाण्याची उधारी चुकती केली म्हणून वाण्याने कोणाला हार घातल्याचे ऐकिवात नाही. हा भेद साधा आहे. परंतु आपल्या प्रदेशापुढच्या एका मोठ्या प्रश्नाचे उत्तर त्यातच दडलेले आहे असे मला वाटते.

प्रश्न असा. हवा, पाणी आणि माती यांचा माणसाच्या प्रकृतीवर काय परिणाम होतो, याचा वर्षानुवर्षे अभ्यास करणारे विद्यापीठीय संशोधन केंद्र सिल्वासात काढायचे झाले, तर त्याला पैसा कोणी द्यावा? आणि ज्यांच्या धुराचा अभ्यास करायचा, त्यांचाच पैसा घेणे नीतीला धरून होईल काय?

दादरा नगर हवेली म्हणजे अवघा ४९१ चौरस किलोमीटरचा मुलूख. १९६१ साली येथे ५७,९६३ माणसे होती; २०११ च्या जनगणनेत ती ३,४३,७०९ झाली. त्यांतही निम्म्याहून अधिक वारली, कोकणा, धोडिया आदी आदिवासी. १९६५ साली पिपरियाला सहकारी तत्त्वावर पहिली औद्योगिक वसाहत निघाली. पुढे मसाट, खडोली, आमळी, नरोली असे करीत कारखाने पसरले, आणि ते पसरले याचे एक मोठे कारण म्हणजे सरकारने दिलेली करमाफी. आपल्यापैकी बहुतेक मराठी कुटुंबे या कारखान्यांच्या, नाहीतर त्यांच्यामुळे वाढलेल्या कचेऱ्या, शाळा आणि दुकानांच्या आधाराने येथे आली. आपल्या घरची चूल त्यांच्या चिमणीवर पेटते, हे आधीच कबूल केलेले बरे.

दुसरी बाजूही सरकारी कागदावरच आहे. नाशिक जिल्ह्यातल्या सह्याद्रीत उगम पावून, मधुबन धरणातून सिल्वासाच्या अंगाने जाणारी आपली दमणगंगा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या यादीत आहे. देशातल्या नद्यांचे जे ३५१ प्रदूषित पट्टे मंडळाने नोंदले, त्यांत ती येते. २००९ साली याच मंडळाने देशातल्या ८८ औद्योगिक क्षेत्रांची पाहणी केली, तेव्हा शेजारच्या वापीचा क्रमांक अंकलेश्वरच्या खालोखाल दुसरा लागला होता. हवेला आणि पाण्याला केंद्रशासित प्रदेशाची हद्द कळत नाही.

आता कोणी म्हणेल, त्यासाठी इस्पितळ आहे की! २०१९ पासून विनोबा भावे रुग्णालयाला जोडून नमो वैद्यकीय शिक्षण व संशोधन संस्था चालू आहे. तिच्या नावातच ‘संशोधन’ हा शब्द आहे, म्हणजे जागाही तयार आहे. परंतु दवाखाना आणि संशोधन यांची कामे वेगळी. डॉक्टर समोर आलेल्याला औषध देतो. न आलेल्याचे काय झाले, हे तो कोठून सांगणार? कारखान्यातला कंत्राटी कामगार बिहारहून, ओडिशाहून येतो, छाती भरू लागली की गावी परततो. त्याचा खोकला तिकडे जातो आणि येथल्या नोंदवहीत उरतात ती धडधाकट माणसे. वही म्हणते, सर्व क्षेम आहे. वही खोटे बोलत नाही. पण तिला अर्धेच दिसते.

उलट बाजूनेही फसगत होऊ शकते. पाड्यावरच्या बाईला दम लागतो तो चिमणीमुळे, की बंद झोपडीतल्या चुलीच्या धुरामुळे? तिच्या अंगात रक्त कमी आहे ते पाण्यामुळे, उपासमारीमुळे, की आदिवासींत आढळणाऱ्या सिकलसेलमुळे? हे निवडायचे तर आजारी आणि निरोगी, कारखान्याजवळचे आणि दूरचे, असे हजारो लोक वर्षानुवर्षे मोजावे लागतात. मुंबईत के.ई.एम. रुग्णालयाच्या डॉ. एस. आर. कामतांनी १९७० नंतरच्या दशकात हेच केले. लालबाग, चेंबूर, खार आणि एक ग्रामीण भाग अशी तुलना करून त्यांनी श्वसनाच्या तक्रारी मोजल्या. असे मोजमाप कारखान्याला दोषी ठरवू शकते, तसे निर्दोषही ठरवू शकते. खऱ्या शास्त्राला दोन्हींची तयारी ठेवावी लागते.

आणि ते मध्येच सोडून चालत नाही. १९८४ च्या भोपाळ दुर्घटनेनंतर भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने गॅसपीडितांचे अभ्यास हाती घेतले आणि १९९४ मध्ये आवरते घेतले. राज्य सरकारच्या केंद्राने त्यातले काही पुढे चालवले. परंतु परिषदेची पर्यावरणीय आरोग्याची राष्ट्रीय संस्था भोपाळला उभी राहायला २०१० उजाडले. मधल्या सोळा वर्षांत ज्यांची गाठ सुटली ती माणसे पुन्हा कशी सापडणार? सावकाश येणारे रोग पंचवार्षिक अंदाजपत्रकाची वाट पाहत नाहीत.

तेव्हा पैसा हवा, आणि तो दीर्घकाळ हवा. येथे दोन टोकाची मते ऐकू येतात. एक म्हणते, कारखान्याच्या पैशाला हात लावू नका, तो विटाळलेला आहे. हे मत ऐकायला तेजस्वी वाटते, पण पुष्कळदा ते बाटलीचे पाणी पिणाऱ्याचे असते. पाड्यावरच्या विहिरीला त्याचा उपयोग नाही. शिवाय कोरा करकरीत पैसा आणायचा कोठून? करमाफी देऊन कारखाने बोलावणारे सरकारही या व्यवहारात त्रयस्थ नाही.

दुसरे मत व्यवहारी. शेठ उदार आहेत, मागा, देतील. याचे काय होते ते जपानमधल्या मिनामाता गावाने दाखवले आहे. १९५६ साली तेथे एक विचित्र मज्जारोग उघडकीस आला. कुमामोतो विद्यापीठाच्या संशोधकांनी १९५९ मध्ये सेंद्रिय पाऱ्याकडे बोट दाखवले. त्याच वर्षी चिस्सो कंपनीच्या स्वतःच्या डॉक्टरांनी, होसोकावांनी, कारखान्याचे सांडपाणी मांजराला अन्नातून दिले आणि मांजराला तोच रोग झाला. कंपनीने तो निष्कर्ष दडवला आणि वर्ष संपायच्या आत पीडितांशी करार करून त्यांना ‘सांत्वनाची रक्कम’ दिली. अट अशी, की पुढे कारखानाच कारण ठरला तरी अधिक भरपाई मागायची नाही. सरकारने कारण मान्य केले ते १९६८ मध्ये, आणि तो करार नीतीविरुद्ध म्हणून न्यायालयाने रद्द ठरवला १९७३ मध्ये. देण्याला देणगीचे कपडे घातले की सत्याला किती वर्षे उंबऱ्याबाहेर थांबावे लागते, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला ठाऊक नाही. अमेरिकेतल्या सिगारेट कंपन्यांनीही १९५४ साली शेकडो वर्तमानपत्रांत निवेदन छापून आरोग्य-संशोधनाला मदत करण्याचे वचन दिले होते. त्या मदतीतून पिकली ती मुख्यतः शंका.

मग मार्ग कोणता? माझ्या मते कारखान्याचा पैसा घ्यावा, पण देणगी म्हणून नव्हे, देणे म्हणून. हे देणे आहे याला आधार आहे. ज्या करांवर समाजाने पाणी सोडले, ते समाजाचेच धन होते. त्या धनाने कारखान्याच्या नफ्यात आपला वाटा आधीच घातलेला आहे. प्रदूषण करणाऱ्यानेच त्याचा खर्च सोसावा, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९९६ च्या निकालांत उचलून धरले. १९७७ च्या कायद्याने कारखान्यांना पाण्यावर उपकर भरावा लागे आणि तो प्रदूषण मंडळांच्या कामी येई. २०१७ मध्ये, जीएसटी आला तेव्हा, तो रद्द झाला. खाणमालकांना मात्र २०१५ पासून स्वामित्वधनाच्या प्रमाणात जिल्हा खनिज निधीत रक्कम भरावी लागते, खाणीने बाधित झालेल्या लोकांसाठी. खाणीला जे लागू, ते चिमणीला का नसावे?

कंपनी कायद्याने नफ्याचे दोन टक्के समाजकार्याला द्यायचे असतात, तेवढ्याने भागणार नाही काय? नाही, कारण ते कोठे द्यायचे हे कंपनीच ठरवते. देणारा जोवर विषय निवडतो, तोवर तबक त्याच्याच हाती. देण्याची खूण अशी, की रक्कम नियमाने ठरते, सगळ्यांची एका खात्यात मिसळते आणि कोणत्या विहिरीचे पाणी तपासायचे हे भरणारा सांगू शकत नाही. हे अशक्य नाही. अमेरिकेत बॉस्टनला १९८० पासून अशी एक संस्था आहे. तिचा अर्धा पैसा सरकार देते आणि अर्धा मोटार कारखानदार. हवेतली सूक्ष्म धूळ आणि मृत्यू यांचा संबंध दाखवणाऱ्या १९९३ च्या सहा शहरांच्या अभ्यासावर उद्योगांनी संशय घेतला, तेव्हा या संस्थेने सारी माहिती नव्याने तपासली आणि २००० साली मूळ निष्कर्ष बरोबर असल्याचे सांगितले. अर्धा पैसा कारखानदारांचा, आणि निकाल त्यांना न रुचणारा! पैशाची वाट नीट बांधली तर संशोधनाचे इमान शाबूत राहते.

याने कारखाने निघून जातील, आपली मुले बेकार होतील, ही भीती मला हसण्यावारी न्यावीशी वाटत नाही. पगार बंद होणे हाही एक आजारच आहे. पण आपण कोणता सौदा करतो आहोत हे आपल्याला कळायला नको काय? पगाराच्या बदल्यात मुलाच्या छातीतले काही जाते आहे की नाही, हे न कळता केलेली तडजोड ही तडजोडच नव्हे. आणि काहीच जात नसेल, तर ते सिद्ध होण्याने कारखानदाराइतके समाधान दुसऱ्या कोणाला होणार? त्यातही आपण पगार तरी घेतो. ज्या वारल्याच्या शेताशेजारी भिंत उभी राहिली, त्याला पुष्कळदा धूरच तेवढा मिळाला. म्हणून केंद्राचे निष्कर्ष इंग्रजी नियतकालिकात छापून भागणार नाही. ते मराठीत, गुजरातीत आणि हिंदीत आले पाहिजेत, आणि पाड्यावर त्यांच्या बोलीत वाचून दाखवले पाहिजेत. ज्याचे रक्त तपासले त्याला उत्तर न सांगणे, हेही एक न फेडलेले देणेच.

यात आपलाही वाटा आहे, आणि तो सांगायला या मुलखाचाच इतिहास पुरेसा आहे. २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा मुक्त झाले. त्याआधी त्या लढ्याच्या खर्चासाठी सुधीर फडक्यांनी खटपट केली आणि पुण्यात लता मंगेशकरांच्या गाण्याचा कार्यक्रम झाला. तिकिटे काढणाऱ्या साध्या माणसांपैकी कितीजणांनी सिल्वासा पाहिले होते? तो पैसा देणगी नव्हता, देणेही नव्हते. ती वर्गणी होती. वर्गणीचा गुण असा, की ती देणाऱ्याला वरचा हात देत नाही, पण विचारण्याचा हक्क देते. कारखान्यांनी देणे द्यावे, सरकारने अनुदान द्यावे, आणि आपण घरटी चार पैसे वर्गणी द्यावी. त्याहून मोठी वर्गणी म्हणजे वर्षातला एक तास: परिचारिका दारी आली तर तिला बसायला द्यावे, यंत्रात फुंकून दाखवावे, आणि नोकरी जाईल या भीतीने खोकला लपवू नये. हिशेब मागण्याचा अधिकार तेव्हाच आपला होतो.