ज्या दुखण्यास नांव नाहीं

आधारवचनें : मार्क ५:२५-३४, २ करिंथ १२:७-१०, १ तीमथ्य ५:२३



आपल्या मंडळ्यांत असें एखादें घर असतेंच, कीं जेथें कोणी दुखणाईत पुष्कळ वर्षांपासून पोटशूळानें पीडलेली आहे. अर्धी भाकर पोटांत गेली, कीं घटकाभरानें कळ उठते आणि खाल्लेलें सर्व ओकून पडतें. गांवच्या डॉक्टरानें औषध दिलें, तालुक्यास तपासणी झाली, अमरावतीस किंवा अकोल्यास सोनोग्राफी झाली; आणि कागदावर एकच शेरा आला, कीं दोष दिसत नाहीं. हा शेरा ऐकून घरांत आनंद व्हावा. परंतु त्याच दिवसापासून तिच्यावर दुसरें संकट येतें. दुखणें तर जात नाहीं, आणि आतां तिच्या बोलण्यावर कोणी विश्वासही ठेवीत नाहीं. कापसाच्या वेचणीस ती गेली नाहीं, तर शेजारीण म्हणते, हें सोंग आहे. घरचें वडील माणूस म्हणतें, ही करणी आहे. आणि मंडळींतील एखादा म्हणतो, कांहीं गुप्त पाप असावें. या तीन उत्तरांचा आपण वचनाच्या प्रकाशांत विचार करूं.

पहिलें उत्तर, सोंग. दोष दिसत नाहीं म्हणजे दोष नाहींच, असें कोण म्हणूं शकेल? पोटांतील व्रणाविषयीं डॉक्टर लोक अनेक वर्षें सांगत आले, कीं तो काळजीनें आणि तिखट खाण्यानें होतो. ऑस्ट्रेलियांतील पर्थ शहरीं वॉरन व मार्शल या दोघां वैद्यांस १९८२ सालीं रोग्यांच्या जठरांत एक सूक्ष्म जंतु सांपडला. कोणी विश्वास ठेवीना, तेव्हां १९८४ सालीं मार्शल यानें तो जंतु स्वतः पिऊन दाखविला. २००५ सालीं त्या दोघांस नोबेल पारितोषिक मिळालें. जंतु तर पूर्वीपासून तेथेंच होता. पाहणारी दृष्टि मागाहून आली.

आपल्या विदर्भांतही असेंच आहे. सिकलसेल नांवाचा रक्तदोष अनेक घराण्यांत, विशेषतः आदिवासी व अनुसूचित जातींच्या लोकांत, आईबापांकडून लेंकरांस येतो. त्यांत रक्ताच्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि हाडांत, पाठींत वा पोटांत असह्य कळा उठतात. हा दोष रक्ताच्या तपासणीनेंच कळतो. १ जुलै २०२३ रोजीं केंद्र सरकारनें त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. तसेंच पूर्णेच्या खोऱ्यांत खारपाणपट्ट्याच्या गांवीं मूत्रपिंडाच्या विकाराची तक्रार फार आहे. आणि मूत्रपिंडें थकलीं म्हणजे मळमळ व ओकारी होते. पोटाच्या क्षयाचेंही निदान सहज होत नाहीं. म्हणून एका शेऱ्यावर थांबूं नका; पुन्हां दाखवा, रक्त तपासा. ओकारींत रक्त पडलें, शौच डांबरासारखें काळें झालें, वजन घटूं लागलें, किंवा पाणीही पोटांत राहीनासें झालें, तर एक दिवसही दवडूं नका.

आणि सर्व तपासण्या करूनही कांहींच सांपडलें नाहीं, तरी दुखणें खोटें ठरत नाहीं. पोट आणि मेंदू यांच्यामधील निरोपांत बिघाड होऊनही खऱ्या वेदना होतात, आणि त्यांवरही उपचार आहेत, हें आजचे वैद्य मान्य करितात.

दुसरें उत्तर, करणी. या उत्तराचें फळ काय, तें मेळघाटांत पाहावें. तेथें बाळाचें पोट फुगलें म्हणजे तापलेल्या विळ्यानें पोटावर चटके देण्याची जुनी रीत आहे. तीस डंबा म्हणतात. फेब्रुवारी २०२५ मध्यें चिखलदरा तालुक्यांतील सिमोरी गांवीं २२ दिवसांच्या आजारी बाळाच्या पोटावर असे ६५ चटके दिल्याचें उघडकीस आलें. चटके देणाऱ्यांनीं वैरानें दिले नाहींत. बाळ बरें व्हावें म्हणूनच दिले. परंतु ज्या प्रीतीबरोबर ज्ञान नाहीं, ती लेंकराला भाजते. भूत काढावयाच्या नांवाखालीं मारणें वा चटके देणें हा आपल्या राज्यांत २०१३ च्या कायद्यानें गुन्हा आहे. ख्रिस्ती घरानें तर मांत्रिकाच्या दारीं जाऊंच नये, आणि प्रार्थनेच्या नांवानेंही दुखणाइताचें औषध बंद करूं नये.

तिसरें उत्तर, पाप. जन्मांध मनुष्यास पाहून शिष्यांनीं हाच प्रश्न विचारिला, आणि प्रभूनें तो खोडून काढिला. ईयोबाचे मित्र सात दिवस मुकाट्यानें त्याच्याजवळ बसले, तोंवर ते खरे मित्र होते. कारण सांगूं लागले आणि चुकले. पौल तीमथ्याला पोटासाठीं व वारंवारच्या दुखण्यांसाठीं घरगुती उपायच सुचवितो. तुझा विश्वास कमी आहे असें म्हणत नाहीं. आणि स्वतः पौलाच्या देहांत जो कांटा होता, तो कोणता रोग होता हें शास्त्रांत कोठेंच सांगितलेलें नाहीं. त्यानें तीन वेळां प्रार्थना केली. कांटा निघाला नाहीं, कृपा मिळाली. ज्या दुखण्यास नांव नाहीं, त्यासही प्रभु ओळखतो, एवढें यावरून कळावें.

आतां मार्काकडे वळूं. त्या बाईनें १२ वर्षें दुखणें सोसलें, सर्व पैसा वैद्यांवर खर्च केला, आणि तिला अधिकच वाईट झालें. वस्त्राला शिवतांच ती बरी झाली. मग प्रभु कां थांबला? याईराची मुलगी मरणोन्मुख असतां, गर्दी लोटत असतां तो थांबला, आणि तिनें सर्व हकीकत सांगितली. १२ वर्षांची ती हकीकत त्यानें ऐकून घेतली, आणि सर्वांदेखत तिला मुलगी म्हटलें. बरें करण्याचें सामर्थ्य आपल्या हातीं नाहीं. परंतु थांबणें आणि ऐकणें आपल्या हातीं आहे.

म्हणून मंडळींनीं या गोष्टी कराव्या. प्रीतिभोजनांत कोणी जेवलें नाहीं, तर आग्रह करूं नका आणि मनांत राग धरूं नका. तिच्यासाठीं ज्वारीच्या मऊ कण्या वेगळ्या ठेवा. उपासनेंत तिला दाराजवळ जागा द्या, म्हणजे उठून जातांना संकोच होणार नाहीं. वेचणीची मजुरी बुडाली, तर त्या घरच्या दाण्याची चौकशी करा. दवाखान्यांत जातांना एकानें सोबत जावें, आणि दुखणें केव्हां व काय खाल्ल्यावर उठतें तें लिहून न्यावें. त्या टांचणाची वैद्याला मदत होते.

आणि दुखणाईत बहिणी, भावा, तुला एवढेंच सांगणें आहे. रात्रीं पोट धरून बसतां शब्द सुचत नसतील, तर कण्हणें हीही प्रार्थना आहे. तुझ्या विव्हळण्यानें प्रभूचा अपमान होत नाहीं; वधस्तंभावर त्यानेंही मोठ्यानें हांक मारली. उपचार सोडूं नको, संगति सोडूं नको. दुखण्याचें नांव कळो वा न कळो, तुझें नांव त्याला ठाऊक आहे. आमेन.