फडातली आई

मराठीने आईचं कौतुक करताना कधी हात आखडता घेतला नाही. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिलं आणि मराठी घरांत आईचं एक चित्र पक्कं झालं : गरिबीतही दिवेलागणीला लेकराला जवळ घेऊन चार गोष्टी सांगणारी. ते चित्र मला आजही प्रिय आहे. पण दिवाळी सरली की आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, पाथर्डी या भागांतून बिऱ्हाड ट्रॅक्टरवर लादून ऊस तोडायला पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे निघालेल्या बायका आठवतात. त्यांच्या वाट्याला अशी दिवेलागण वर्षातले पाच-सहा महिने येतच नाही.

अशा बाईचा दिवस पहाटे तीन-चारला कोपीपुढच्या, म्हणजे झोपडीपुढच्या, चुलीपाशी सुरू होतो. भाकरी थापून, पाणी भरून ती उजाडायच्या आत फडात पोचते. ऊस तोडणं, पाचट काढणं, वाढ्याला, म्हणजे उसाच्या शेंड्याला, पीळ देऊन मोळी बांधणं, आणि मग ती मोळी डोक्यावर घेऊन गाडीवर चढणं. चढायला एक अरुंद फळी लावलेली असते. पाऊल पडलं की ती लवते. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर ओल्या उसाचं ओझं, दोन्ही हात वर. तोल सावरायचा तो फक्त पायांनी. पोटुश्या बाईसाठी वेगळी फळी नसते. तान्हं असेल तर ते बैलगाडीखाली बांधलेल्या झोळीत, आणि झोका द्यायला जेमतेम सहा-सात वर्षांची थोरली बहीण. गाडी रात्री आली तर रात्री भरायची. हे सगळं झाल्यावर वाढं जनावरवाल्यांना विकून तेल-मिठाची सोयही पुष्कळदा तीच बघते.

एवढं करून हिशेबात ती एकटी कुठेच नसते. नवरा-बायको मिळून एक कोयता. मजूर नेणाऱ्या मुकादमाची आगाऊ उचल त्या कोयत्याला, ती घेतो नवरा. टनाचा दरही जोडीचाच. एखादा दिवस अंग दुखतंय, पाळी आली आहे, ताप आहे म्हणून ती कोपीत पडून राहिली, तर खाडा लागतो आणि पैसे कापले जातात. तिच्या कामाची वेगळी मोजणी नाही, तिच्या गैरहजेरीची मात्र आहे. हा अन्याय मला सर्वांत जिव्हारी लागतो, कारण पुढचं बरंच काही त्यातूनच येतं.

फडात संडास नाही, न्हाणी नाही, पाणी विहिरीचं नाही तर पाटाचं. पाळीतही ओझं उचलायचं. अंगावरून जाणं, ओटीपोटात दुखणं सुरू झालं की बाई खासगी दवाखान्यात जाते, तिथे कॅन्सरची भीती घातली जाते आणि कर्ज काढून गर्भपिशवी काढली जाते. विशी-तिशीतल्या बायकांवर अशा शस्त्रक्रिया झाल्याचं बाहेर आल्यावर २०१९ साली राज्य सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. म्हणजे साधारण सहा जणींत एक. काही दिवस वर्तमानपत्रांत गलका झाला. पुढच्या हंगामाला टोळ्या पुन्हा निघाल्या.

अशा बाईपुढे कुणी ‘आईचा त्याग’ म्हणून हात जोडले की मी अस्वस्थ होतो. त्याग करायला आधी दुसरी वाट मोकळी असावी लागते. बालाघाट डोंगररांगेच्या माथ्यावरच्या कोरडवाहू तुकड्यावर कुटुंबाचं वर्ष निघत नाही आणि उचल दिवाळीआधीच खर्चून झालेली असते. तिला विचारलंय कोणी? या टोळ्यांत वंजारी आहेत, बंजारा आहेत, दलित आणि भटक्या जातींतली माणसं आहेत. दुसरीकडे, प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्यात १९५० साली पहिलं गाळप झालं, तेव्हापासून सहकारी साखरेने महाराष्ट्राचं राजकारण घडवलं, शाळा-कॉलेजं काढली. ऊस पिकवणारा सभासद झाला. तोडणारी बाहेर राहिली.

बायकांच्या कष्टाची नोंद बहुतेक बायकांनीच ठेवली. अभ्यासक हेमा राईरकर आणि गी पॉइटवां यांनी गावोगाव फिरून बायकांच्या जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा करवल्या. त्यांत आई आहे, सासुरवास आहे, राबणारे हात आहेत. फडातल्या बाईच्या हाती जातंही उरलं नाही, पण महिला किसान अधिकार मंचासारख्या संघटनांच्या बैठकांत ती आता बोलते, आणि मागणं अगदी नेमकं मांडते : ओळखपत्र माझ्या नावाचं, मजुरी माझ्या हातात, बाळंतपणात पगारी रजा, फडाजवळ संडास.

आणि लेकरांची सोय. तीस-तीस हंगाम ऊस तोडून कंबर गेलेली आजी मागे राहते आणि नातवंडं सांभाळते. जिथे आजी नाही, तिथे गावच्या शाळेतलं हंगामी वसतिगृह हाच आधार : दोन वेळचं जेवण, आणि शाळा सुटत नाही. पण टोळ्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात हलतात आणि वसतिगृह पुष्कळदा त्यानंतर सुरू होतं. तोवर पोरं आईबरोबर ट्रॉलीत चढलेली असतात. वसतिगृहाच्या मंजुरीचा कागद सप्टेंबरातच निघाला पाहिजे.